गेम झटके खातो? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

मागच्या मे महिन्यात भर दुपारी एक कंडक्टर भाऊ आपला सीपीयू पोत्यात गुंडाळून माझ्या दुकानात आले. मागे बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा. "ताई, हे पोट्टं रोज म्हन्ते कार्ड पाह्यजे, कार्ड पाह्यजे. धा हजार जमवले. कोनतं घेऊ ते सांगा." मुलाची तक्रार अशी की जीटीए फाइव्ह खेळताना गाडी वळवली की चित्र क्षणभर थिजतं, मग एकदम पुढे उडी मारतं, आणि तोवर गाडी खांबावर गेलेली असते.

अकोल्यात मी बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते. ही तक्रार आली की कार्डाचं, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं नाव मी सगळ्यात शेवटी काढते. गेम हळू चालणं आणि गेम अडखळणं हे दोन वेगळे आजार आहेत. दहा हजार म्हणजे एखाद्या घराचा महिनाभराचा किराणा आणि वर गॅस. ते पैसे चुकीच्या औषधावर जाऊ नयेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी आजार समजून घेऊ. फ्रेम म्हणजे स्क्रीनवर येणारं एक चित्र. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता समजा एका सेकंदात ४८ फ्रेम अगदी वेळेवर आले आणि एकट्या ४९व्या फ्रेमला २०० मिलिसेकंद लागले. कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा आकडा ४९ दाखवेल, दिसायला चांगलाच. डोळ्याला मात्र तो एकच फ्रेम खुपतो. म्हणून एफपीएस बघून काही कळत नाही, फ्रेमटाइम, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेला वेळ बघावा लागतो. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर टाका, त्याच्याबरोबर रिव्हाट्यूनर येतं. त्यात फ्रेमटाइमचा आलेख, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (आतल्या काम करणाऱ्या भागाचा) वापर, प्रोसेसरचं घड्याळ (त्याचा वेग) आणि तापमान, कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी आणि रॅम एवढ्या गोष्टी स्क्रीनवर लावा. कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं.

मग वीस मिनिटं खेळा. पाच मिनिटांत उठू नका, उष्णतेचा दोष वर यायला वेळ लागतो. झटका बसला की त्या क्षणी काय बदललं ते बघा. आलेख सपाट आहे, कार्ड सतत ९८-९९ टक्क्यांवर आहे आणि तरी एफपीएस कमी, तर कार्ड दमलंय. तिथं कार्ड बदलून उपयोग होईल. आलेखात सुळका येतो, त्याच वेळी कार्डाचा वापर ९०वरून ४०वर पडतो आणि प्रोसेसरचे चारही कोअर शंभरवर असतात, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघतंय. दोघंही निवांत आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, तर दोघंही हार्ड डिस्कची वाट बघतायत. आणि प्रोसेसरचं घड्याळच खाली कोसळलं असेल, तर तो तापलाय.

त्या मुलाच्या मशीनवर हेच सगळं लावलं. आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, एच-६१ बोर्ड (मदरबोर्ड), ८ जीबीची एकच रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि जीटी ७३० कार्ड. तसा हा प्रोसेसर २०१२चा, पण जीटीए फाइव्ह २०१५ साली कॉम्प्युटरवर आला तेव्हा गेमच्या कंपनीने, रॉकस्टारने, शिफारस केलेला इंटेलचा प्रोसेसर नेमका हाच होता. म्हणजे जुन्या, लेगसी आवृत्तीपुरता तरी प्रोसेसर गुन्हेगार नव्हता. पण नवव्या मिनिटाला घड्याळ ३.४ गिगाहर्ट्झवरून १.६वर आलं आणि तापमान १०३ अंश. इतकं तापल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, जरा गार झाला की पुन्हा वाढवतो, पुन्हा तापतो. ही वर-खाली म्हणजेच मुलाला बसणारे झटके.

कॅबिनेट उघडलं. पंखा फिरत होता, वरून पातं स्वच्छ दिसत होतं. घरी कुणीही एवढंच बघून झाकण लावलं असतं. मी चार पिना फिरवून अख्खा कूलर बोर्डावरून काढला, मग पंखा हीटसिंकपासून (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्यापासून) वेगळा केला, तर दोघांच्या मध्ये नमद्यासारखा एक थर. राखाडी, जाड, बोटाने धरून उचलला तर अख्खी गोल चकती हातात आली, मधोमध पंख्याच्या आसाचा ठसा. त्यांचं घर जिनिंगच्या बाजूला. आमच्या भागात कापसाचा तंतू हवेत असतोच. त्यात उन्हाळाभर खोलीत कूलर, म्हणजे ओलसर हवा. धूळ, तंतू आणि ओल यांचा असा लगदा बसला की पंखा कितीही फिरो, वारा खाली पोहोचत नाही.

साफ करायची रीत सांगते. मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली, कॅबिनेट अंगणात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भरधाव फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी पेस्ट सुकून खडूसारखी झालेली असते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध, बस. हीटसिंक दाबला की ती आपोआप पसरते. सगळ्यात जास्त चुका पुढच्या पायरीला होतात. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला प्लास्टिकच्या चार पिना असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा 'टक्' असा आवाज यायला हवा. मग बोर्ड उलटा करून किंवा मागून टॉर्च मारून बघा, चारही पिनांची पांढरी टोकं बाहेर आलेली दिसली पाहिजेत. तीन बसल्या आणि एक अर्धवट राहिली तर मशीन चालू होतं, पण आठवड्याभरात मुलगा पुन्हा दुकानात.

एवढं केल्यावर तेच वीस मिनिटं खेळून तापमान ७१च्या वर गेलं नाही. घड्याळ हललं नाही. मोठे झटके गेले. खर्च पेस्टच्या एका नळीचा.

लहान झटके राहिले होते आणि ते वेगळ्या जातीचे होते. सरळ रस्त्यावर काही नाही, वेगात नव्या वस्तीत शिरलं की एक ठेच. हे हार्ड डिस्कचं लक्षण. असे मोठे खुले नकाशे गेम एकदम उचलत नाही, तुम्ही जसे पुढे जाता तसे इमारती, झाडं, रस्ते डिस्कवरून मागवत राहतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन वाचायला दहा-बारा मिलिसेकंद सहज लागतात. एका फ्रेमचा सगळा वेळच १६.७ आहे. अशा वीस-पंचवीस मागण्या एकदम आल्या की रांग लागते. एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिप असलेल्या डिस्कला, हेच काम करायला मिलिसेकंदाचा छोटा अंश पुरतो. एच-६१ बोर्डावर साटाचा (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वायरीचा) वेग जुना, ३ गिगाबिटचा, म्हणून एसएसडीच्या खोक्यावर लिहिलेला सेकंदाला ५०० एमबीचा वेग मिळणार नाही, त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळेल. त्याची काळजी करू नका. झटके घालवतो तो हा शोधण्याचा वेळ, खोक्यावरचा आकडा नाही.

पण एसएसडी घेण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून जुन्या डिस्कची तब्येत बघा. तिथं 'कॉशन' पिवळं दिसलं तर गेम राहू द्या, आधी घरातले फोटो दुसरीकडे काढा. आणि त्या यादीत सी-७ नावाची एक ओळ असते, सीआरसी एररची, म्हणजे वायरीतून माहिती जाताना झालेल्या चुकांची. तो आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क चांगली असते, साटाची केबल सैल किंवा खराब असते. केबल बदलून बरे झालेले झटके मी कितीतरी पाहिलेत.

रॅमचं एक वाक्यात सांगायचं तर, ८ जीबीची एक पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा. जागा वाढते हा एक फायदा, पण दोन पट्ट्या म्हणजे प्रोसेसरला दोन रस्ते. डीडीआर-३ १६०० एका पट्टीवर सेकंदाला १२.८ जीबी वाहून नेते, दोनवर २५.६. झटक्यांवर याचा फरक सरासरी एफपीएसपेक्षा जास्त दिसतो. जुनी पट्टी काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने हलके घासून घ्या. एक सावधगिरी: डीडीआर-३ची फार स्वस्त नवी पट्टी दिसली आणि बारीक अक्षरात 'फक्त एएमडीसाठी' लिहिलेलं असलं, तर इंटेलच्या बोर्डावर ती चालणार नाही. अशी पट्टी घेऊन रडत आलेलं एखादं मूल दर महिन्याला असतंच.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा. एक्सबॉक्स गेम बारचं मागच्या मागे चालणारं रेकॉर्डिंग बंद करा. खेळताना ब्राउझरच्या पंधरा खिडक्या उघड्या ठेवू नका. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, रॅम भरली की गेम सरळ बंद पडेल. काही नव्या गेममध्ये एखादी जागा पहिल्यांदा दिसली की झटका, दुसऱ्यांदा त्याच जागी काही नाही, असं होतं. ते शेडर, म्हणजे कार्डाला चित्र कसं रंगवायचं ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात, ड्रायव्हर बदलला की पुन्हा एकदा होतं. त्यासाठी काही विकत घेऊ नका, थोडा वेळ खेळा, ते आपसूक जातं.

आता कार्डाच्या मेमरीकडे या, कारण इथूनच कार्ड निवडायचा विचार सुरू होतो. टास्क मॅनेजरमध्ये 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड' अशा दोन जीपीयू (ग्राफिक्स कार्डाच्या) मेमरी दिसतात. डेडिकेटेड भरली आणि शेअर्ड वाढायला लागली, म्हणजे कार्डावर जागा संपली आणि चित्रांचं सामान बोर्डवरच्या रॅममध्ये ये-जा करतंय. तो रस्ता कार्डावरच्या मेमरीपेक्षा कितीतरी अरुंद. जीटीए फाइव्हच्या सेटिंगमध्ये वरच मेमरीची पट्टी दिसते, ती तांबडी होऊ देऊ नका. टेक्श्चर एक पायरी खाली, एमएसएए बंद, गवत साधं, आणि 'एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग' शून्य. लोकसंख्येची घनता कमी केली की प्रोसेसरवरचा भारही उतरतो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर मशीन ६०ला पोहोचतच नसेल, ४०-५५च्या मध्ये झुलत असेल, तर रिव्हाट्यूनरमधून सरळ ३०ला बांधून टाका. मुलांना हे आवडत नाही, पण एकदा करून बघा. समान अंतराने आलेले ३० फ्रेम डोळ्याला झुलणाऱ्या ५०पेक्षा गुळगुळीत वाटतात.

एवढं होऊन कार्ड ९९ टक्क्यांवर अडकून राहिलं, तरच कार्ड घ्या. जीटी ७३०चं तसंच झालं. त्या गेमला एनव्हिडियाचं शिफारस केलेलं कार्ड जीटीएक्स ६६० होतं, जीटी ७३० त्याच्या जवळपासही नाही. शिवाय एकाच नावाखाली याचे वेगवेगळे प्रकार विकले गेले, काही डीडीआर-३ मेमरीचे, काही जीडीडीआर-५चे. जीटी १०३०चंही तेच, डीडीआर-४ असलेलं १०३० जीडीडीआर-५वाल्याच्या मेमरीवेगाच्या निम्म्यालाही पोहोचत नाही, खोका मात्र जवळपास सारखा. म्हणून कार्डावरच्या मेमरीचा आकडा विचारण्याआधी मेमरीची जात विचारा. '४ जीबीचं कार्ड' हे वाक्य अपुरं आहे.

कार्ड निवडताना मी पहिली नजर टाकते ती एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. बोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची वेगळी वायर असेल तर आणखी ७५, आठ पिनांची असेल तर १५०. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या बिननावाच्या एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलेलं असतं, पण उचलून बघा, हाताला पोकळ लागतो. कडेच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ने गुणा. पुष्कळदा उत्तर २००च्या आत येतं. अशा एसएमपीएसवर एका गिऱ्हाइकाने घरीच मोठं कार्ड चढवलं होतं, मोलेक्सचा, म्हणजे जुन्या चार पिनांच्या वायरीचा जोड लावून. गेम सुरू झाला की मशीन बंद. तिसऱ्या दिवशी एसएमपीएस जळाला आणि जाताना बोर्ड घेऊन गेला. ते बोर्ड मला वाचवता आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून एसएमपीएस बदलणार नसाल तर ७५ वॅटच्या आतलं, वेगळी वायर न लागणारं कार्ड शोधा. या गटात २०१४चं जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटचं, पण मेमरी बहुतेक २ जीबी. २०१६चं १०५० टीआय ४ जीबीचं, ७५ वॅट. २०१९चं जीटीएक्स १६५०, तेही ४ जीबी आणि ७५ वॅट, पण यातल्या काही मॉडेलना सहा पिनांची वायर लागते, फोटोत कार्डाची वरची कड नीट बघा. मेमरी ६ जीबी असलेलं आरटीएक्स ३०५० हे २०२४चं, ७० वॅटचं. चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरला ते जास्तच होतं, पण पुढे बोर्ड बदलायचा विचार असेल तर सोबत येईल. ७५० टीआय आणि १०५० टीआय यांना ऑक्टोबर २०२५नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येणं थांबलं. जुने गेमच खेळायचे असतील तर हरकत नाही. नाहीतर माझं मत १६५०कडे झुकतं.

एएमडीचं आरएक्स ६४०० कागदावर मोहात पाडतं, ५३ वॅट फक्त. जुन्या बोर्डात मात्र मी ते लावत नाही. ते पीसीआय-एक्सप्रेसचे, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याचे, चारच पदर वापरतं. नव्या बोर्डात त्याने बिघडत नाही, पण २०११-१२च्या बोर्डात तो रस्ता फार अरुंद होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की नेमके तेच झटके परत येतात ज्यासाठी आपण निघालो होतो. इंटेलच्या आर्क कार्डांना बोर्डात 'रिसायझेबल बार' नावाची सोय लागते, ती जुन्या बोर्डात नसते, म्हणून तीही नकोत. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा एसएमपीएस घेणार असाल तर जुन्या बाजारातली आरएक्स ५७० किंवा ५८० ताकदीने भारी पडतात. ५७० ला १५० वॅट, ५८० ला १८५.

ऑफिसमधून निघालेले ते छोटे, आडवे कॅबिनेट आज घरोघरी आहेत. त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, लो-प्रोफाइल लागतं, आणि एसएमपीएसही बहुधा त्यांचा खास आकाराचा असतो, बाजारातला बसत नाही. पैसे देण्याआधी पट्टी घेऊन आतली लांबी-उंची मोजा.

वापरलेलं कार्ड घेताना, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ओळखीच्या मुलाकडून, चालू मशीनवर बघूनच घ्या. जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा. जुन्या कार्डाचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून १०५० टीआय म्हणून खपवलेली कार्डं बाजारात आहेत, त्यातली बरीचशी हे सॉफ्टवेअर पकडतं आणि नावाआधी 'फेक' असं दाखवतं. मग वीस मिनिटं युनिजिन हेवन ही कार्डाची चाचणी चालवा. रंगीत ठिपके, पट्ट्या, काळा स्क्रीन आला तर हात जोडून परत द्या. पंखा बोटाने फिरवून बघा, स्क्रू झिजलेत का बघा. आभासी चलनाच्या 'खाणकामाला' (मायनिंगला) वापरलेलं आहे म्हणून मी कार्ड नाकारत नाही, पण पेस्ट आणि थर्मल पॅड बदलायचा खर्च धरूनच किंमत बोलते.

भाऊंनी शेवटी रॅमची दुसरी पट्टी, २५६ जीबीचा एसएसडी आणि वायर न लागणारं जुनं जीटीएक्स १६५० घेतलं, दहा हजारांच्या आत बसवून. घरी मुलाने स्वतः कार्ड लावलं आणि तासाभरात फोन: "ताई, वायर लागतच नाही." त्याच्या मॉनिटरला फक्त निळं व्हीजीए. जीटी ७३०वर ते भोक होतं, १६५०वर नाही, आणि त्याच्या डीव्हीआयमधूनही जुना अ‍ॅनालॉग सिग्नल निघत नाही. साधा पिनांचा जोड चालत नाही, आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर लागतो. हे मी त्याला दुकानातच विचारायला हवं होतं. तोवर मॉनिटर बोर्डवर जोडू का, असं त्याने विचारलं. बोर्डवर जोडलं तर एकतर स्क्रीन काळा राहतो, नाहीतर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर गेम चालतो आणि नवं कार्ड रिकामं बसतं. संध्याकाळी येऊन तो अडॅप्टर घेऊन गेला.